पौर्णिमा, पानठेला आणि लांडगामाणूस

बुधवार, रात्र

जेवण झाल्यावर पुन्हा लांडगामाणसाचा, म्हणजे पौर्णिमेला माणसाचा लांडगा होतो तसला, सिनेमा लावला. डोंगरातलं लहान गाव, बर्फ, एक पोलीस ठाणं आणि पौर्णिमा आली की एक मुडदा. भाच्याने मागून मोबाईलमध्ये डोकावलं आणि म्हणाला, "मामा, गावाच्या मांगं वाघ फिरून रायला, अन् तुमी इथं बसून लांडग्याले भेऊन रायले?"

पोराचं म्हणणं खोटं नाही. चंद्रपूरच्या सिंदेवाही तालुक्यात राहणाऱ्याला भीती विकत आणावी लागत नाही. उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचणाऱ्या बाईवर वाघ येतो, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडताना येतो. आता धान कापायला झालं आहे, म्हणजे बांधीत वाकलेल्या माणसाची पाळी. कोणाच्या तरी मोबाईलवर पंजाचा फोटो येतो, वनखात्याची गाडी येते, पीआरटीची, म्हणजे वाघ आला की धावणाऱ्या गावपथकाची, पोरं काठ्या घेऊन उभी राहतात, आणि दिवेलागणीनंतर रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. एवढं सगळं घराबाहेर चालू असताना मी लांडगामाणसाचे सिनेमे हुडकून पाहतो. आणि तेही गाव लहान असेल तरच. शहरातला लांडगा मला चालत नाही. शहरात तो नुसतं जनावर असतो.

वाघाची भीती साफ आहे. वाघ तो वाघ. कॅमेऱ्यात आला की पट्टे जुळवतात, त्याला नंबर देतात. २०१८ मध्ये पांढरकवड्याकडची टी-१ वाघीण गोळी घालून मारली तेव्हा किती भांडणं झाली! अवनी म्हणून तिचं नाव देशभर गेलं, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. नरभक्षक हीच का, बेशुद्ध करता आलं नसतं का, सगळं विचारून झालं. पण वाघीण म्हणजे दिवसा आपल्याला रामराम घालणारा अमका तर नव्हे, असं कोणी विचारलं नाही. लांडगामाणसाच्या सिनेमात विचारायचं तेवढंच असतं. गावाची यादी काढा आणि सांगा, यातला कोण?

मला त्या यादीचं वेड आहे, आणि ते माझ्या धंद्यातून आलं असणार. गावचं डाकघर माझ्याकडे. कोणी मुदतीआधी आरडी मोडली, कोणाला कोर्टाचा लिफाफा आला, कोणाच्या पोराचे पुण्याहून पैसे येणं थांबलं, हे घरच्यांच्या आधी मला कळतं. मी बोलत नाही. दवाखान्यातली सिस्टर बोलत नाही, रेशन दुकानदार बोलत नाही. सगळ्यांना एकमेकांचं माहीत असतं आणि पारावर मात्र पावसापाण्याच्या गप्पा. चांगला लांडगासिनेमा या न बोलण्यावर चालतो, दात-नखं नंतर येतात.

१९८१ चा 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवूल्फ इन लंडन' घ्या. नाव लंडनचं, पण मला त्याची सुरुवातच पुरते. पाठीवर पिशव्या लावलेली दोन अमेरिकन पोरं यॉर्कशायरच्या माळरानातून भिजत, गारठत एका खेड्यातल्या दारूच्या दुकानात शिरतात. आत हसणं-खिदळणं चालू. भिंतीवर पाचटोकी तारा रंगवलेला, बाजूला मेणबत्त्या. एक पोरगा सहज विचारतो, हा तारा कशाचा? झालं. सगळे गप्प. फळ्यावर बाण मारणाऱ्याचा नेम चुकतो आणि तो पोरावरच डाफरतो. मग दोघांना बाहेर काढून देतात. वर सांगतात, रस्ता सोडू नका, चंद्रापासून सांभाळा. थोड्या वेळाने लांडग्याचं रडणं ऐकू येतं. मालकीण म्हणते, कोणीतरी जायला पाहिजे. पण लगेच कोणी उठत नाही.

हे मी आमच्या पानठेल्यावर पाहिलेलं आहे. वनखात्याचा एक नवीन माणूस आला होता. रानडुकरांसाठी तारेत करंट कोण सोडतं म्हणून त्याने विचारलं, तेही गोड बोलून. पानवाल्याचं चुन्याचं बोट पानावर टेकलेलं होतं, ते तसंच राहिलं. बाकावरच्या एकाला अचानक बैलाला पाणी दाखवायचं आठवलं. त्या माणसाने पान घेतलं, पैसे दिले आणि गेला. नाव तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्याच सिनेमात पुढे माणसाचा लांडगा होतो तो प्रसंग प्रसिद्ध आहे. लख्ख उजेडात, अंधाराचा आडोसा न घेता, तळहात डोळ्यांदेखत लांबत जातो. संगणकाची करामत तेव्हा नव्हती, सगळं रबर आणि यंत्रं. मेकअपसाठी दरवर्षीचं ऑस्कर तेव्हाच सुरू झालं आणि पहिलं या कामासाठी रिक बेकरला मिळालं. कारागिरी म्हणून दंडवत. पण माझा जीव अडकतो तो दारूच्या दुकानात.

दुसरा आवडता १९८५ चा 'सिल्व्हर बुलेट'. सिनेमा म्हणून यथातथाच आहे, लांडगा तर अस्वलासारखा दिसतो. तरी त्यातली एक गोष्ट कोणत्याही मोठ्या सिनेमापेक्षा मला भारी वाटते. चाकाच्या खुर्चीत बसणारा पोरगा रात्री एकटाच फटाके उडवत असतो. लांडगा आल्यावर तो रॉकेट त्याच्या डोळ्यातच सोडतो. म्हणजे आता गावात कोणाचा तरी एक डोळा गेलेला असणार. तो शोधायचा कसा? पोराची बहीण रिकाम्या बाटल्या आणि डबे गोळा करायच्या निमित्ताने दारोदार फिरते आणि दार उघडणाऱ्याचे डोळे बघते. दार, चेहरा, बाटली, पुढचं दार. आमच्या गावात हे काम माझ्याकडेच आलं असतं. शेवटी डोळ्यावर पट्टी निघते ती चर्चच्या पाद्र्याच्या. मेलेल्यांच्या अंत्यविधीला प्रार्थना म्हणणारा तोच.

आणि जमाव. एका पोराचा मुडदा मिळाल्यावर गाव बंदुका घेऊन निघतं. पोलीस थांबवायला बघतो, पोराचा बाप त्याला गप्प करतो, सगळे धुक्यात शिरतात. जेवढे जातात तेवढे परत येत नाहीत. हा भाग पाहताना मी हसत नाही. आमच्या जिल्ह्यात जिवती तालुक्यात २०२१ मध्ये जादूटोण्याच्या संशयावरून म्हाताऱ्या बायामाणसांना भर चौकात बांधून मारलं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तेव्हाही होताच. पडद्यावर निदान लांडगा खरा असतो. इथे जमाव निघतो तेव्हा लांडगा नसतोच, आणि बोट मात्र कोणावर तरी ठेवलं जातं, बहुतेक वेळा ज्याच्या मागे कोणी नाही अशावर.

चंद्राचं मला नवल वाटतं. आपल्याकडे भ्यायचं ते अमावास्येला. पौर्णिमेला आपण अंगणात दूध आटवतो. मागच्या आठवड्यात कोजागिरी झाली, वाघामुळे यंदा दूध समाजमंदिराच्या गच्चीवर, पण चंद्राला दोष कोणी दिला नाही. आणि गंमत म्हणजे पौर्णिमेचा नियम जुना वाटतो तेवढा जुना नाही. १९४१ च्या 'द वुल्फ मॅन'मध्ये पूर्ण चंद्र दिसतच नाही, तिथे एक विषारी झाड फुलतं. पौर्णिमा पक्की झाली ती १९४३ च्या पुढच्या भागात. दोन्ही कथा कर्ट सिओडमाकच्या. हा जर्मन ज्यू, हिटलरच्या राज्यातून निसटलेला. त्याच्या सिनेमात लांडगामाणसाला पुढच्या बळीच्या तळहातावर तारा दिसतो. ज्यू माणसांना तारा लावून वेगळं काढण्याचा तो काळ, त्यामुळे हे ध्यानात आलं तेव्हा मी सिनेमा थांबवून थोडा वेळ ओसरीत बसलो होतो. त्याचा शेवटही तसाच. वेल्समधल्या आपल्या गावी परतलेला मुलगा लांडगा होतो आणि बाप चांदीच्या मुठीच्या काठीने त्याला ठार करतो. काठी मुलाने गावातल्याच दुकानातून घेतलेली.

आमच्या दंतकथा उलट्या दिशेला जातात. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, त्याचा देव झाला, त्याच्यावरून ताडोबा. तलावाकाठी झाडाखाली त्याचं ठाणं, पौषात जत्रा. हिंदीवाल्यांनी १९९२ मध्ये 'जुनून'मध्ये राहुल रॉयला पौर्णिमेच्या रात्री वाघ करून पाहिलं. जंगल होतं, वाघ होता. पारावरचं गप्प बसणं नव्हतं, म्हणून माझ्यापुरता तो सिनेमा वाया गेला.

आज पाहिला तो २०२० चा, 'द वुल्फ ऑफ स्नो हॉलो'. जिम कमिंग्सने लिहिला, दिग्दर्शित केला आणि कामही त्याचंच. चिडका, दारू सोडलेला हवालदार ओरडून सांगतो की लांडगामाणूस वगैरे काही नसतं. त्याचा आजारी बाप ठाण्याचा प्रमुख. ते काम रॉबर्ट फॉर्स्टरचं, सिनेमा येण्याआधीच तो गेला. शेवटी निघतो माणूसच. मला हे पटतं, पण आवडत नाही. नुसता खुनी रोज पेपरात भेटतो. केसाळ अंग हवंच. केस असले की गाव म्हणू शकतं, तो आपला नव्हता.

भाचा शेवटपर्यंत शेजारी बसला. मग म्हणाला, आपल्या गावावर असा सिनेमा काढला तर? आम्ही यादी काढली. सरपंच नको, त्याच्यावर सगळ्यांचा संशय आधीच आहे. पोलीस पाटील? रात्री बाहेर पडत नाही. भजनी मंडळातले दोघे-तिघे निघाले. पोराने मग माझ्याकडे पाहिलं. "ज्याच्यावर कोणी डाऊट घेत नाही तोच रायते ना मामा? घरोघरी जाते, सबन मालूम, बोलत नाही. तुमीच."

मी म्हटलं, चालेल, पण केस चिकटवायला मेकअपवाला नाटकवाल्यांच्या वडशावरून आणावा लागेल. भाऊबीज झाली की मंडईचे, म्हणजे गावोगावच्या जत्रेतल्या नाटकांचे, खेळ सुरू, नाटक कंपन्यांकडून त्याला सवड मिळायची नाही. दिवाळीच्या आत विचारून ठेवायला हवं.