आधी पावती दाखवा

परवा, 18 मे 2023 रोजी, अमेरिकन सिनेटचं मतदान लावून बसलो होतो. नातू म्हणाला, "आजोबा, किती बोअर आहे हे!" आहेच. कारकून एकेक नाव पुकारतो, सिनेटर येतात, अंगठा वर किंवा खाली करतात आणि गप्पा मारत निघून जातात. पण 33 वर्षं कोर्टाच्या नोकरीत माझा दिवस पट्टेवाल्याच्या पुकाऱ्याने सुरू झाला. मला कसला कंटाळा येतोय!

प्रकरण होतं नॅन्सी अबुडू यांच्या नेमणुकीचं, अकराव्या सर्किटच्या अपील कोर्टावर. जॉर्जिया, फ्लोरिडा आणि अलाबामा या तीन राज्यांतली फेडरल अपिलं इथे येतात. वर फक्त सुप्रीम कोर्ट. कोर्ट अटलांटातच आहे, फोर्सिथ स्ट्रीटवर. इमारतीला एल्बर्ट टटल यांचं नाव आहे. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा मोडून काढणाऱ्या न्यायाधीशांपैकी ते एक. आमच्या उपनगरातून, अल्फारेटाहून, मुलाला गळ घालून मी मुद्दाम ती बघून आलो. मुलगा गाडीतच बसला होता.

अबुडूबाईंचे आईवडील घानाहून आलेले. त्या शिकल्या कोलंबियात (बाबासाहेबांच्या कोलंबियात, हे सांगितल्यावाचून राहवत नाही), पुढे कायदा टुलेन विद्यापीठात. 2002 ते 2004 त्या याच अकराव्या सर्किटच्या आस्थापनेवर वकील होत्या, म्हणजे कोर्टाच्या नोकरीतल्या, आमच्या गोतावळ्यातल्या. नंतरची बरीच वर्षं मताधिकाराचे खटले. पण मी त्यांची बाजू घेतली ती फ्लोरिडाच्या एका खटल्यामुळे. त्यात माझ्या जुन्या टेबलाचा संबंध आहे.

आपल्याकडे तुरुंगात असेपर्यंत मत देता येत नाही, पण सुटून आलात की देता येतं. फ्लोरिडात गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली की मताधिकार जन्मभरासाठी जायचा. 2018 साली तिथल्या लोकांनी 64 टक्क्यांहून जास्त मतांनी ते बदललं. खून आणि लैंगिक गुन्हे वगळून बाकीच्यांना शिक्षा संपल्यावर मत मिळणार होतं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला, की दंड, कोर्टाची फी, नुकसानभरपाई सगळं फेडल्याशिवाय शिक्षा संपली असं धरायचं नाही. तिथे फी तरी किती! गरिबीमुळे फुकट वकील द्या असा अर्ज केला, तर त्या अर्जालाच 50 डॉलर.

बरं, फेडायचं तर किती? ते सरकारलाच सांगता येईना. नोंदी कुठे जुन्या, कुठे अर्धवट, एका दप्तरात एक आकडा आणि दुसऱ्यात दुसरा. 2020 साली टॅलाहॅसीच्या न्यायाधीश हिंकल यांच्यासमोर खटला चालला, तेव्हा 85,000 अर्ज पडून होते आणि छाननी पूर्ण झालेला एकही नव्हता. हे वाचलं तेव्हा चहा गार झाला माझा. मी नाझर होतो. दंड भरून घेणं आणि पावती फाडणं हे माझं काम. आमच्याकडे एकदा एक म्हातारा आला होता. दंड भरून नऊ वर्षं झालेली आणि आता त्याच दंडासाठी वॉरंट. त्याच्याकडची पावती पावसात गेलेली. "साहेब, भरलेत हो," एवढंच म्हणत राहिला. मी रेकॉर्ड रूममध्ये चार दुपारी घालवल्या. पावतीपुस्तकांना वाळवी लागलेली, कार्बनची निळी शाई पुसट झालेली. शेवटी स्थळप्रत सापडली. चूक आमची होती, रजिस्टरला नोंदच घेतली नव्हती. म्हाताऱ्याने माझे पाय धरले, ते मला अजून आवडलेलं नाही. पाय आम्ही धरायला हवे होते.

फ्लोरिडात असल्याच माणसांचं वकीलपत्र अबुडूबाई आणि त्यांच्या संस्थेने, सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटरने, घेतलं होतं. हिंकल यांच्याकडे बराचसा निकाल बाजूने लागला. मग अकराव्या सर्किटने सप्टेंबर 2020 मध्ये 6 विरुद्ध 4 असा तो फिरवला. त्याच कोर्टात आता त्या न्यायाधीश झाल्या.

विरोधकांचं म्हणणं असं, की ही चळवळीतली बाई, तटस्थ कशी राहणार? अबुडूबाईंची संस्था कुणालाही द्वेष पसरवणाऱ्यांच्या यादीत टाकते, अशी तक्रार होती. त्या यादीबद्दल मलाही सगळंच पटतं असं नाही. पण सरकारी वकील जज्ज झालेले मी कितीतरी पाहिले. जन्मभर सरकारच्या बाजूने उभा राहिलेला माणूस निःपक्षपाती कसा राहील, हे कुणी विचारल्याचं आठवत नाही. प्रश्न नेहमी पलीकडच्या बाकावरून आलेल्यालाच. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे वकील थर्गुड मार्शल यांनाही अपील कोर्टासाठी सिनेटने जवळजवळ वर्षभर तिष्ठत ठेवलं होतं; 1962 साली 54 विरुद्ध 16 मतांनी मंजुरी मिळाली.

मला इथे मत नाही, ग्रीन कार्ड आहे. सूनबाई नागरिक. गेल्या वर्षी अबुडूबाईंच्या नावावर सिनेटच्या न्यायविषयक समितीत 11-11 झाल्यावर तिला म्हटलं, सिनेटरना पत्र लिही.

"बाबा, आपले दोन्ही सिनेटर तिच्याच बाजूने आहेत. पत्र कशाला?"

"अगं, बाजूने असलं तरी रेकॉर्डवर नको का?"

मी सांगत गेलो, तिने इंग्रजीत टाइप केलं. माझ्या म्हाताऱ्याचा किस्सा तिने दोन ओळींत बसवला, त्यावरून आमची जरा वादावादी झाली. उत्तर लगेच आलं, आभाराचं, छापील. आवक क्रमांक नव्हता.

यंदा जानेवारीत नाव पुन्हा पाठवावं लागलं. पहिल्या घोषणेपासून सतरा महिन्यांनी, परवा, 49 विरुद्ध 47. नाव सुचवणाऱ्या बायडेन यांच्याच डेमोक्रॅट पक्षातल्या मँचिन यांचा अंगठा खाली गेला तेव्हा मी नातवाचा हात घट्ट धरला होता, असं तो सांगतो. त्या कोर्टावर आजवर एकही काळी स्त्री न्यायाधीश झाली नव्हती.

सूनबाई संध्याकाळी ऑफिसातून आली, तर म्हणाली, "बाबा, तुमच्या पत्राने झालं हं!" चेष्टा करत होती. मी ते पत्र प्रिंट काढून फाइलला लावलंय, वर तारीख घालून. क्रमांक एक.