पावडर टॉवरचे वय

बोहेमियाच्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) राजांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक प्रागमधल्या पावडर टॉवरखालून निघत असे, त्सेलेत्ना रस्त्याने जुन्या शहराच्या चौकात येई, चार्ल्स पुलावरून व्लतावा नदी ओलांडी आणि टेकडी चढून किल्ल्यात पोहोचे. १८३६ मध्ये फर्डिनांडच्या राज्याभिषेकानंतर अशी मिरवणूक पुन्हा निघाली नाही. आम्ही टूर मॅनेजर मंडळी हाच मार्ग उलटा चालवतो, आणि त्यामागे इतिहासाचा काही संबंध नसून पाहुण्यांचे गुडघे आहेत. बस सकाळी किल्ल्याच्या अंगाला वर सोडते आणि पुढचा दिवस उताराने पार पडतो. या सोयीचा परिणाम असा की, पावडर टॉवरपाशी आम्ही पोहोचतो तेव्हा सेंट व्हिटसचे कॅथेड्रल, पूल आणि खगोलीय घड्याळ पाहून झालेले असते, मोबाइल मरायला टेकलेले असतात आणि निम्म्या मंडळींचे लक्ष समोरच्या पॅलेडियम मॉलमधल्या स्वच्छतागृहाकडे लागलेले असते. कार्यक्रमपत्रिकेत या थांब्याला ‘बाहेरून दर्शन, पंधरा मिनिटे’ एवढीच जागा आहे.

ही पंधरा मिनिटे कंजूषपणातून आलेली नाहीत. युरोपात बसचालकाला साडेचार तास गाडी चालवल्यावर पंचेचाळीस मिनिटे थांबावेच लागते, रात्रीच्या विश्रांतीचे तासही कायद्याने ठरलेले आहेत, आणि या सगळ्याची नोंद बसमधले यंत्र ठेवत असते. जुन्या शहराच्या कडेला बस केवळ पाहुणे चढवण्यापुरती थांबू शकते. एखादे कुटुंब चुंबकांच्या दुकानात रेंगाळले तर बस वळसा घालायला निघून जाते, मुक्कामावर पोहोचायला उशीर होतो आणि दुसऱ्या दिवशीची निघण्याची वेळ पुढे सरकते. पाहुण्यांना मात्र वाटते की चालक चिडका आहे. त्यामुळे माझे बरेच सहकारी येथे एक साल सांगतात, समूहछायाचित्र उरकतात आणि हेडकाउंट सुरू करतात. मला हे कधीच पटलेले नाही. स्थानिक गाईड इंग्रजीत जे सांगते ते सगळेच्या सगळे ऑडिओ सेटवरून मराठीत पाहुण्यांच्या कानापर्यंत पोहोचवणे हे मी माझे काम समजते, आणि ते मला चांगले जमते असेही मी म्हणेन.

शिवाय या मनोऱ्याची हकीकत एका सालात मावणारी नाही. पायाभरणी १४७५ ची, व्लादिस्लाव यागेलोन या राजाच्या काळातली. त्याचा राजवाडा अगदी शेजारी होता. त्याच जागेवर १९०५ ते १९१२ या काळात ओबेत्स्नी दूम ही नगरगृहाची देखणी इमारत उभी राहिली. राजवाड्याच्या बाजूला शोभेल असे प्रवेशद्वार असावे म्हणून जुन्या शहराच्या नगरसभेने हे काम काढले. लढाईच्या दृष्टीने त्याचा उपयोग जवळजवळ शून्य होता, कारण १३४८ मध्ये चार्ल्स चौथ्याने तटाबाहेर नवे शहर वसवल्यापासून हा तट शहराच्या पोटात गेलेला होता. चौदाव्या शतकातला वास्तुविशारद पेत्र पार्लेर याच्या परंपरेतला चार्ल्स पुलाकडचा मनोरा डोळ्यांसमोर ठेवून मात्येय रेइसेकने काम पुढे नेले. हा रेइसेक मूळचा शाळामास्तर, नंतर दगडाकडे वळलेला. कुत्ना होरा येथील सेंट बार्बरा चर्चवरही त्याचा हात आहे. १४८३ मध्ये शहरात दंगे झाले, राजाने जुने शहर सोडले आणि पुढे नदीपलीकडच्या किल्ल्यात मुक्काम हलवला. राजा गेल्यावर त्याच्या दारात कमान उभारण्याचा उत्साहही गेला. अर्धवट मनोऱ्यावर तात्पुरते छप्पर चढले आणि काम तसेच पडून राहिले. सतराव्या शतकात तेथे बंदुकीच्या दारूचा साठा होऊ लागला, त्यावरून आजचे नाव (बिअरच्या शहरात ‘दारूचे कोठार’ म्हटले की हशा पिकतो, त्याला इलाज नाही). १७५७ मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिकने प्रागला वेढा घातला तेव्हा मनोऱ्याची मोडतोड झाली आणि पुढे त्यावरची बहुतेक शिल्पे उतरवण्यात आली. शेवटी १८७५ ते १८८६ या काळात योसेफ मोकर या वास्तुविशारदाने त्याला उंच छप्पर, सज्जा आणि नवी शिल्पे देऊन आजचे रूप दिले. म्हणजे रस्त्यावरून मान वर करून आपण ज्याला गॉथिक म्हणतो, त्यातले पुष्कळसे एकोणिसाव्या शतकातले आहे.

आमच्या गाईडबाई त्या दिवशी राजाच्या पलायनापर्यंत आल्या होत्या. गटात कोल्हापूरकडचे एक काका होते. आयुष्यभर देवळांच्या कामावर पाथरवट म्हणून राबलेले, आता हात थांबलेला, पुण्यात संगणकाच्या नोकरीत असलेल्या मुलाने हट्टाने आणलेले. आदल्या चार देशांत त्यांनी मला जेवणाशिवाय काही विचारले नव्हते. ऑडिओ सेट गळ्यात तसाच लोंबत ठेवून ते कमानीखाली गेले आणि खालच्या चिऱ्याच्या कडेवरून अंगठा फिरवू लागले. मुलगा दबक्या आवाजात म्हणाला, “बाबा, हात लावू नका, दंड होईल.” त्यांनी हात काढला, मुलाचा मोबाइल मागून घेतला आणि कॅमेरा मोठा करून वरच्या एका पुतळ्यावर धरला.

“ताई, हे किती वर्षांचं म्हणालात?”

“पाया १४७५ चा, काका.”

“पाया असंल. हा खालचा चिरा जुना वाटतो, कड गोल झालीय. पण वर ही चुणी बघा,” असे म्हणून त्यांनी पुतळ्याच्या वस्त्राची घडी पडद्यावर दाखवली. “अजून धार हाय हिला. हा काय आमचा काळा दगड नव्हं, वाळूचा हाय. एवढा पाऊस, एवढा बर्फ, पाचशे वर्षांत ही घडी बुजली असती. आणि नक्षी बघा, डावीकडची उजवीकडं मोजून ठेवल्यागत बसलीय. एकानं कागदावर काढलं आणि धाजणांनी कोरलं, असं काम हाय.”

मी हे गाईडबाईंना इंग्रजीत सांगितले. त्यांनी काकांकडे एकदा नीट पाहिले, मधली जवळजवळ चार शतके ओलांडली आणि थेट मोकरवर आल्या. मी ते सगळे ऑडिओ सेटवर मराठीत सांगितले. पावसाची सर नुकतीच थांबली होती, छत्र्या मिटत होत्या, आणि चाळीसएक माणसांच्या कानांत एकाच वेळी पडले की समोरच्या मनोऱ्याचे रूप एकशे चाळीसएक वर्षांचे आहे.

“म्हणजे हा डुप्लिकेट आहे?” बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी विचारले. “पत्रिकेत तर ‘साडेपाचशे वर्षांचा गॉथिक मनोरा’ छापलंय तुम्ही.”

मी त्यांना सांगितले की, सकाळी ज्या सेंट व्हिटसच्या दर्शनी बाजूपुढे त्यांनी सहकुटुंब छायाचित्रे काढली, तीही बऱ्याच अंशी याच मोकरने आखलेली आहे; कॅथेड्रलचे काम १३४४ मध्ये सुरू झाले आणि १९२९ मध्ये पुरे झाले. माझा हेतू समजूत काढण्याचा होता. झाले उलटेच. आता त्यांना सकाळही वाया गेल्यासारखी वाटू लागली.

काका मध्ये पडले. “डुप्लिकेट कसलं? राहिलेलं काम पुरं केलंय. चांगलं केलंय. फकस्त ज्यानं पुरं केलं त्याचं नाव घ्या की. राजाचं घेताय, दगड घडवणाऱ्याचं का न्हाई?”

गृहस्थ काही बोलले नाहीत आणि पॅलेडियमकडे निघून गेले. ठरलेला मोकळा वेळ सुरू झाला होता. काकांना वर जायचे होते, मुलाला उंचीची भीती होती, म्हणून मी त्यांच्याबरोबर तिकीट काढले. सज्जापर्यंत १८६ पायऱ्या आहेत, जिना दगडी आणि अरुंद, समोरून कोणी उतरू लागले की भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. दर वळणावर काका थांबत आणि दगडांचे सांधे तपासल्यासारखे करत. त्यांना दम लागला आहे हे मला कळत होते आणि मला कळते आहे हे त्यांनाही कळत होते, त्यामुळे त्या सांध्यांविषयी मला बरेच ऐकायला मिळाले. वरच्या दगडांचे सांधे कसे एका जाडीचे आहेत, चुना कोठे नंतर भरलेला आहे, टाकीचे घाव कोठे ठेवले आहेत आणि कोठे घासून काढले आहेत. यातले किती बरोबर होते हे ठरवण्याचा मला अधिकार नाही, पण इतक्या वर्षांत या मनोऱ्याविषयी पंधरा मिनिटांत इतके कोणी सांगितले नव्हते.

सज्जा ४४ मीटरवर आहे. तेथून त्सेलेत्ना सरळ चौकाकडे जाताना दिसते, चौकातल्या ‘तीन’ (Týn) नावाच्या चर्चचे दोन सुळके आणि त्यामागे नदीपलीकडे किल्ला. काकांनी विचारले, मोकरने केलेले सकाळचे मनोरे कोणते. मी बोट दाखवले. ते बराच वेळ तिकडे पाहत राहिले आणि मग मान वळवून डोक्यावरच्या छपराकडे पाहू लागले. आम्ही वेळेत उतरलो, हेडकाउंट बरोबर निघाला आणि बस वेळेवर सुटली, हे मुद्दाम लिहिते, कारण नंतरच्या चर्चेत कोणीतरी उशीर झाल्याचेही सुचवले.

ती चर्चा अभिप्राय-पत्रकावरून झाली. निवृत्त गृहस्थांनी लिहिले होते की, ऐतिहासिक वास्तू म्हणून त्यांना नव्या बांधकामापुढे उभे करण्यात आले आणि टूर मॅनेजरने ते स्वतःच मान्य केले. कार्यालयाने माझ्याकडे खुलासा मागितला. वरिष्ठ म्हणाले, “तुम्ही खोटं बोललात असं कोणी म्हणत नाही, पण खरं सांगायची गरज काय होती?” या वाक्यावर मला अजून धड उत्तर सुचलेले नाही. एका सहकाऱ्याचे मत पडले की, पंधरा मिनिटांत पाहुण्याला एकच आकडा पेलतो आणि तो जितका मोठा तितका बरा.

तरीही त्या गृहस्थांना मी उडवून लावू शकत नाही. त्यांनी लाखो रुपये मोजले होते, आणि छापील कागदावर जे लिहिले होते ते त्यांनी शब्दशः धरले. हिशेबात आयुष्य गेलेल्या माणसाने दुसरे काय करावे? दोष पत्रिकेचा आहे. पण पत्रिकेत काय छापायचे, याचे उत्तरही सोपे नाही. पाया पंधराव्या शतकाचा, नाव सतराव्याचे, रूप एकोणिसाव्याचे, हे तीन ओळींत बसते खरे, पण तीन ओळींची जागा हॉटेलच्या नाश्त्याला दिलेली असते.

पुढच्या हंगामाच्या पत्रिकेत ‘साडेपाचशे वर्षांचा’ हे शब्द तसेच राहिले आहेत. आता मी मोकरचे नाव मनोऱ्यापाशी प्रथम काढत नाही. सकाळी, पाय ताजे आणि डोकी थंड असताना, सेंट व्हिटसच्या दाराशीच काढते, म्हणजे दिवसअखेर तो ओळखीचा झालेला असतो. बहुतेक गटांना हे चालते. मागच्या एका गटातल्या काकूंनी मात्र सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की, मग तिकीट जुन्या भागाचे घेतले आहे की नव्या.