आठवीची सहल: भाजे लेणी आणि लोहगड

सहलीचं पत्रक घरी गेलं की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय काय दाखवणार?" यादी जितकी लांब तितके पैसे वसूल, असा सरळ हिशेब. त्यापायी एका दिवसात दोन गड, एक धरण, एक देवस्थान आणि परतीच्या वाटेवर वॉटर पार्क असं सगळं कोंबलं जातं. मुलं बसमध्ये झोपतात, उतरून फोटो काढतात, पुन्हा झोपतात. यंदा डिसेंबरात आम्ही आठवीच्या चाळीस मुलांना पुण्याहून घेऊन गेलो ते एकाच डोंगररांगेत. खाली भाजे लेणी, वर लोहगड. यादी दोनच ओळींची होती आणि तरी दिवस पुरला नाही. पुढे कुणी शाळेचा गट घेऊन जाणार असेल तर त्यांच्या उपयोगाला पडावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी जाण्याबद्दल. शालेय सहलीला एस.टी. निम्म्या भाड्यात मिळते आणि बहुतेक शाळा तोच मार्ग धरतात. आम्ही मुद्दाम लोणावळा लोकल घेतली. शिवाजीनगरला मुख्य गट चढला, चिंचवडला तिकडची मुलं आली. तळेगाव सोडल्यावर डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात आणि आपण इंद्रायणीच्या खोऱ्यात शिरतोय हे मुलांना खिडकीतूनच कळतं. बसमध्ये पडदे ओढून गाणी लागली की खोरं कुठलं आणि नदी कुठली! पण लोकलचा एक धोका आहे. मळवलीला गाडी जेमतेम थांबते. चाळीस मुलं एका दाराने उतरवायला गेलात तर निम्मी लोणावळ्याला पोचतील. आम्ही गट दोन डब्यांत वाटला, प्रत्येक दाराशी एक शिक्षक ठेवला आणि कामशेत गेल्या गेल्या सगळ्यांना सॅक पाठीवर लावून उभं केलं. शेवटच्या मुलाच्या मागे एक मोठं माणूस, हा नियम इथून सुरू होतो तो घरी परतेपर्यंत. परतीच्या गाडीचं वेळापत्रक आदल्या दिवशी नक्की बघा. या मार्गावर दुपारी लोकलमध्ये मोठा खंड पडतो आणि त्याआधीची गाडी चुकली की मळवलीच्या फलाटावर दोन-दोन तास मुलं सांभाळत बसावं लागतं.

स्टेशनवरून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गाव पायी अर्ध्या तासावर आहे. गावातून लेण्यांपर्यंत पायऱ्या आहेत. तिकीट पुरातत्त्व खात्याचं, पंधरा वर्षांखालच्या मुलांना लागत नाही. तरी शाळेच्या शिक्क्याची नावांची यादी जवळ ठेवा, खिडकीवरचा वेळ वाचतो.

लेण्यांत किती वेळ द्यायचा यावरून आमच्यात थोडी वादावादी झाली होती. बरोबरच्या एका सरांचं म्हणणं होतं की मुलं वीस मिनिटांत कंटाळतील. दोन तास गेले आणि मुलांना अक्षरशः हाकलावं लागलं. फक्त 'बघा' म्हणून सोडलं असतं तर सरांचंच खरं ठरलं असतं. आम्ही प्रत्येक गटाला एकच काम दिलं होतं.

भाज्याला २२ बौद्ध लेणी आहेत, सुरुवात इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली. मधलं मोठं चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं दालन, समोरून सताड उघडं आहे, कारण त्याचा दर्शनी भाग लाकडाचा होता आणि तो केव्हाच गेला. एका गटाला त्या लाकडाच्या खाचा शोधायच्या होत्या. सापडायला लागल्या की मुलं थांबत नाहीत. दुसऱ्या गटाकडे सुतळी आणि दगड, म्हणजे घरगुती ओळंबा. तो खांबाशेजारी धरायचा, खांबाला हात न लावता. खांब आत झुकलेले आहेत हे नुसत्या डोळ्यांना जाणवतं न जाणवतं, पण ओळंब्याशेजारी लगेच दिसतं. मग प्रश्न: डोंगर कोरून केलेल्या खांबाला झुकायची गरजच काय? छताचा भार तर डोंगरच पेलतोय. उत्तर एका मुलीने दिलं. कोरणाऱ्यांना लाकडी इमारत बांधायची सवय होती. छताचा रेटा सोसायला लाकडी खांब आत कलते ठेवायचे, तसेच त्यांनी दगडातही कोरले. वर बघितलं की कमानीला चक्क लाकडाच्या फासळ्या आहेत, दोन हजार वर्षांहून जुन्या. वर्गात 'लाकडी स्थापत्याचा प्रभाव' हे वाक्य मी किती वेळा फळ्यावर लिहिलंय देव जाणे. ते समजलेलं पहिल्यांदा बघितलं.

दक्षिणेकडच्या टोकाला, स्तूपांच्या समूहापलीकडे, एक छोटा विहार, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याची जागा, आहे. त्याच्या व्हरांड्यात रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखली जाणारी शिल्पं आहेत. ती नक्की कुणाची यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि हे मुलांना सांगायला हरकत नाही. पाठ्यपुस्तकाबाहेर मतभेद असतात हे त्यांना कळू दे. तिथेच एक बाई तबल्याच्या जोडीसारखं वाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय. वर्गातला तबला शिकणारा मुलगा तिच्या हातांची ठेवण बघत तिथेच रेंगाळला. इथे टॉर्च हवीच. पण समोरून उजेड पाडला तर शिल्प सपाट दिसतं. बाजूने तिरका पाडा, सगळे उठाव जिवंत होतात. एक चांगली टॉर्च शिक्षकाकडे पुरे. चाळीस मोबाइलचे फ्लॅश नकोत.

निघण्यापूर्वी सगळ्यांना लेण्यांच्या समोर खोऱ्याकडे तोंड करून बसवलं. खाली रेल्वे, जुना महामार्ग, द्रुतगती मार्ग, आणि पलीकडच्या डोंगरात कार्ल्याची लेणी. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल बोरघाट चढून याच खोऱ्याने देशावर यायचा. भिक्खूंनी वस्तीला ही जागा का निवडली याचं उत्तर समोर पसरलेलं असतं. १८६३मध्ये बोरघाटातून रेल्वे वर आली तीही इथूनच. या दहा मिनिटांत भूगोलाचा एक अख्खा धडा उरकतो.

भाज्यातून गायमुख खिंडीपर्यंतचा चढ दीड-दोन तासांचा, वाट रुंद, आता बरीचशी डांबरी. एका बाजूला विसापूरचा किल्ला, दुसरीकडे लोहगड. चढताना डोंगराचे थर दाखवा. उभा काळा कडा, मग झाडी असलेली उताराची पट्टी, पुन्हा कडा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला त्याच्या या पायऱ्या. कठीण थराचा कडा झाला, ठिसूळ थराचा उतार. दगडात पांढरे स्फटिक भरलेली छिद्रंही दिसतात. हातोडी नेऊ देऊ नका, पडलेला तुकडा हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला की भागतं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्या मुलाचा. आमच्यात एक दमेकरी मुलगा होता. त्याचा पंप त्याच्या खिशात होता आणि दुसरा माझ्याकडे. त्याला सगळ्यात पुढे चालवलं, त्यामुळे थांबा केव्हा हे तोच ठरवत होता आणि मागे पडल्याची लाज नव्हती.

गडाखालच्या लोहगडवाडीत जेवण आधी सांगून ठेवलं होतं. पिठलं, भाकरी, ठेचा, भात. शहरातल्या मुलांना भाकरी चालेल का ही शंका पहिल्या पंगतीतच मिटली. संख्या दोन दिवस आधी कळवा आणि आदल्या संध्याकाळी पुन्हा फोन करा. शेवटचं नीट स्वच्छतागृह इथेच. गडावर सोय धरून चालू नका, विशेषतः मुलींसाठी. एका शिक्षिकेच्या सॅकमध्ये सॅनिटरी पॅड, कागदी पिशव्या आणि हँडवॉश ठेवा आणि ते कुणाकडे आहे हे मुलींना निघतानाच सांगा. पत्रकात हे कुणी लिहीत नाही.

गडाच्या पायऱ्या वाडीपासून सुरू होतात. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारं ओळीने, वळणावळणाने. इथलं काम होतं नकाशा काढायचं: प्रत्येक वळणावर थांबून, वरून दगड टाकणारा माणूस कुठे उभा असेल ते फुलीने दाखवायचं. वर पोचेपर्यंत कागद फुल्यांनी भरले. नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधला, गडावरची सोळा कोनी बाव, म्हणजे विहीर, तीही त्यांचीच. दर्ग्याजवळची चुन्याची घाणी अवश्य दाखवा. मुलांना वाटतं किल्ला लढाईने तयार होतो. चुना मळणारे बैल त्यांच्या हिशेबात नसतात. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत लोहगड होता, १६७०मध्ये तो परत घेतला. जुलै २०२५मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांतही तो आहे. त्याचा अभिमान ठीक, पण भिंतीवर नाव कोरू नये इतकं त्या दिवशी मुलांना कळलं तरी युनेस्कोचं काम झालं.

विंचूकाट्यावर आम्ही मुलांना उतरवलं नाही. गडाची ती लांब, चिंचोळी सोंड वरून फारच मोहात पाडते, पण तिथे जायला आधी एक छोटा खडकाळ टप्पा उतरावा लागतो. चार मोठ्यांना तो काहीच नाही. चाळीस मुलांना एकामागे एक उतरवून पुन्हा चढवायचं म्हणजे तास-दीड तास आणि सतत जीव टांगणीला. काही मुलं फुगून बसली. मी तरी हाच निर्णय पुन्हा घेईन.

त्याऐवजी काठापासून लांब बसून पवना धरण बघितलं. तुंग, तिकोना हे गड आणि मधलं पाणी. "तुमच्या नळाला येतं ते हेच," असं चिंचवडच्या मुलांना सांगितल्यावर एकदम शांतता पसरली. मग पुढचंही सांगितलं. या धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद नळाने पाणी न्यायच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ला द्रुतगती मार्गावरच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन जण गेले. सहलीत हे कशाला, असं कुणी म्हणेल. मला वाटतं पाणी समोर दिसत असताना सांगायचं नाही तर केव्हा सांगायचं? मुलांनी विचारलेले प्रश्न गडावरच्या बाकी कुठल्याही प्रश्नांपेक्षा चांगले होते.

धरणाच्या काठावर मात्र गेलो नाही. १ फेब्रुवारी २०१६ला मुरुडच्या समुद्रात पुण्यातल्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, त्यानंतर शाळांच्या सहलींचे नियम कडक झाले. नियम नसते तरी पाण्यात मुलं उतरवण्याची सहल मी काढणार नाही. पावसाळ्यात तर इथे येऊच नका. भाज्याच्या धबधब्याखाली आणि गडाच्या दारांत रविवारी मुंगी शिरायला जागा नसते, पायऱ्या निसरड्या होतात, आणि लोणावळा परिसरात प्रशासनाचे मनाई आदेशही निघतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तोही शनिवार-रविवार टाळून.

धोक्यांत माझ्या लेखी पहिला नंबर आग्या मोहोळाचा. कड्याखाली, लेण्यांच्या छताला पोळी असू शकतात. सहलीआधी एक शिक्षक स्वतः वाट चालून येऊ दे, आणि मोहोळ दिसलं तर ती जागा गाळा. मुलांना डिओ, परफ्यूम मारून येऊ नका असं लेखी कळवा. लेण्यांत शिट्ट्या, आरडाओरडा बंद. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं न राहता डोकं झाकून लांब पळायचं, हे आधी करवून घ्या. दुसरा नंबर माकडांचा. हातात पिशवी दिसली की ती घेतातच. डबे सॅकमध्ये, सॅक पाठीवर. बुटांचे तळ शाळेतच तपासा. आमच्यात दोघांचे तळ गुळगुळीत निघाले, त्यांना घरून दुसरे आणायला लावले.

दहा मुलांमागे एक शिक्षक आणि एक जादा, जो मुलगा आजारी पडला तर त्याला घेऊन खाली उतरेल. पालकांच्या संमतीपत्रात रक्तगट आणि चालू औषधं लिहून घ्या. १०८ची रुग्णवाहिका वाडीपर्यंत येऊ शकते, त्याच्या वर माणसांनीच उचलून आणावं लागतं. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था डोंगरातल्या बचावकार्यासाठी ओळखली जाते, त्यांचा नंबर आधीच जतन करा. दोर, रॅपलिंग वगैरे ठेवायचं असेल तर राज्याच्या २०२१च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे आयोजकाची नोंदणी लागते. तोंडी आश्वासनावर जाऊ नका, कागद मागा.

पाचवी-सहावीची मुलं असतील तर गड सरळ वगळा. सकाळच्या लोकलने भाजे, लेण्यांत दोन तास, गावात जेवण, दुपारच्या लोकलमधला खंड वेळापत्रकात बघून परत. नववी-दहावीला विसापूर जोडता येतो, पण त्याच दिवशी नाही. त्यासाठी लोहगडवाडीत मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघा.