खोलीतलं हेलिकॉप्टर वांगणीच्या शेतात उडेपर्यंत: माझा अनुभव

भाच्याच्या आठव्या वाढदिवसाला मीच आणलेलं ते रिमोटवर उडणारं खेळण्यातलं हेलिकॉप्टर, तीन चॅनेलचं म्हणजे रिमोटवरून तीन हालचाली देता येणारं, एकावर एक दोन पंखे असलेलं. त्याचं मन चार दिवसांत भरलं आणि ते माझ्याकडे आलं. लालबागला आमची खोली दहा बाय पंधराची, रात्री जेवणं झाली की सीलिंग फॅन बंद करायचा, कॉट भिंतीला सरकवायची आणि मी ते टीव्हीवरून कपाटावर, कपाटावरून परत टीपॉयवर उतरवायचे. महिन्याभरात इतकं हातात बसलं की दहातल्या नऊ वेळा टीपॉयच्या बरोबर मधोमध उतरायला लागलं, मग साहजिकच वाटलं की आता बाहेर न्यावं. ह्याच टप्प्यावर बऱ्याच जणांचं हेलिकॉप्टर फुटतं किंवा हरवतं आणि छंद तिथंच सुटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मे महिना, दुपारचे चार, आमच्या बिल्डिंगची गच्ची. कठड्याच्या उंचीपर्यंत ते नीट गेलं. कठड्याच्या वर गेलं आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याने ते आडवं उचललं, मी रिमोटची दांडी, म्हणजे स्टिक, पूर्ण उलटी दिली तरी काही नाही, मग खाली आणायला थ्रॉटल, म्हणजे पंख्याचा जोर, कमी केला तर तेही ऐकेना, ते तसंच गरगरत शेजारच्या कंपाउंडमध्ये गेलं. वॉचमनने आणून दिलं तेव्हा वरचा पंखा तुटलेला आणि शेपटी वाकलेली. नशीब की खाली कोणी उभं नव्हतं. त्या विचाराने मला दोन दिवस नीट झोप नाही लागली.

आमच्या ऑफिसमध्ये एक काका आहेत, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, ते वीसेक वर्षं आरसी, म्हणजे रिमोटवरची, हेलिकॉप्टर उडवतायत हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. डबा खाताना मी हा किस्सा सांगितला तर ते हसले नाहीत, आधी विचारलं, "कोणाला लागलं नाही ना?" आणि मग म्हणाले, "अगं, ते मशीन बाहेरचं नाहीच. तुझा हात चुकला नाही, पण तू नेलंस ते चुकलं."

मग त्यांनी जे समजावलं ते मला आधी कळायला हवं होतं. साध्या हेलिकॉप्टरचा मोठा पंखा एका बाजूला फिरला की त्याचं अंग उलट्या बाजूला फिरायला बघतं, शेपटीचा छोटा पंखा ते धरून ठेवतो. दोन मजली पंख्यांच्या हेलिकॉप्टरमध्ये वरचा आणि खालचा पंखा एकमेकांच्या उलट फिरतात, त्यामुळे ती ओढ आपोआप मिटते, आणि वरती तो वजनाचा दांडा असतो तो त्याला सरळ ठेवतो. म्हणजे खोलीत जे मला जमत होतं त्यातलं निम्मं काम तेच करत होतं. तीन चॅनेलमध्ये वर-खाली, पुढे-मागे आणि वळणं एवढंच, डावी-उजवीकडे सरकणं नाहीच, त्यामुळे बाजूने वारा आला की त्याला उत्तर द्यायला तुमच्याकडे स्टिकच नाही! आणि माझा रिमोट इन्फ्रारेडचा होता, टीव्हीच्या रिमोटसारखा, तो भर उन्हात नीट पोचत नाही. मी थ्रॉटल कमी करत होते आणि ते ऐकत नव्हतं ते ह्यामुळे.

दुसरी गोष्ट त्यांनी जरा कडक आवाजात सांगितली. मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ड्रोन, रिमोटवर चालणारी छोटी विमानं, पॅराग्लायडर वगैरे उडवायला बंदीचे आदेश वरचेवर निघत असतात, एक संपला की दुसरा. त्यात सांताक्रूझचा विमानतळ, जुहूची धावपट्टी, कुलाब्याला नौदल. "गच्ची, चौपाटी, शिवाजी पार्क, सगळं विसर. बाहेर उडवायचं तर शहराबाहेर." २०२१च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचं मशीन नॅनो वर्गात येतं आणि त्याला पायलटचा परवाना लागत नाही, पण जागा कुठली ते बघावंच लागतं, त्यासाठी डिजिटल स्काय ह्या सरकारी साइटचा नकाशा आहे, लाल, पिवळा, हिरवा.

मग जूनमध्ये मी डब्ल्यूएल टॉईजचं व्ही९११ घेतलं, चार चॅनेलचं, एकच मोठा पंखा आणि मागे छोटा. काकांच्या मते मधली पायरी गाळायची नाही. आमच्या मंडळाचा खालचा हॉल सकाळी रिकामा असतो, तिथे सात ते आठ. पहिल्या दिवशी एकाच जागी तरंगत ठेवणं सुद्धा अवघड गेलं, कारण आता डावी स्टिक वर-खाली आणि शेपूट, उजवी स्टिक पुढे-मागे आणि डावं-उजवं, चारही गोष्टी एकत्र. एकीला हात लावला की बाकीच्या तिन्हींत थोडं थोडं द्यावं लागतं. शेपूट आपल्याकडे ठेवून तरंगवणं मला तीन आठवड्यांत जमलं. मग डावी बाजू, मग उजवी. तोंड आपल्याकडे केलं की मात्र सगळं उलटं.

ह्या तोंड समोर प्रकारावर मी जास्त लिहिते कारण बाहेर घात इथेच होतो. खोलीत तुम्ही हेलिकॉप्टरच्या मागे उभे असता. बाहेर ते लांब जातं, वळतं, आणि परत येताना त्याचं तोंड तुमच्याकडेच असणार, त्याला इलाज नाही. काकांनी दोन गोष्टी शिकवल्या. एक, ज्या बाजूला ते कलतंय त्याच बाजूला स्टिक द्यायची, जणू खालून टेकू लावतोय. दोन, अंगावर येतंय असं वाटलं तर स्टिक आपल्याकडे ओढायची. हे दुसरं फार कठीण आहे. समोरून काही अंगावर आलं की माणूस ढकलतो, आणि इथे ढकललं की ते आणखी जोरात येतं.

ऑगस्ट लागला, गणपती जवळ आले तसा हॉल मंडळाच्या सामानाने भरला. बाहेर पाऊस. तेव्हा लॅपटॉपवर सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर हेलिकॉप्टर उडवायचा प्रोग्राम, घेतला, यूएसबीचा रिमोट लॅमिंग्टन रोडवरून आणला आणि रोज रात्री वीस मिनिटं फक्त तोंड समोर. कंटाळा आला तरी फक्त तेच. सिम्युलेटरमध्ये मी किती वेळा आपटलं मोजलं नाही, पण तेवढी आपटाआपटी खऱ्या मशीनवर झाली असती तर पगार पुरला नसता. दिवाळीपर्यंत बोटं विचार न करता जायला लागली. एक रात्र अशी आली की मी आईशी बोलत बोलत ते समोर तोंड करून मिनिटभर धरून ठेवलं, आणि मग लक्षात आलं की आपण धरून ठेवलंय.

मग पुढचं हेलिकॉप्टर, एक्सके के११०. हे कलेक्टिव्ह पिचचं. फरक असा की व्ही९११ला वर न्यायचं तर पंख्याचा वेग वाढवावा लागतो, वेग वाढायला क्षणभर जातो, तेवढ्यात वाऱ्याची झुळूक त्याला फुग्यासारखी वर फेकते आणि तुम्ही खाली आणेपर्यंत उशीर झालेला असतो. कलेक्टिव्ह पिचमध्ये पंखा जवळजवळ एकाच वेगाने फिरत राहतो आणि पात्यांचा कोन बदलतो, त्यामुळे वर म्हटलं की वर, खाली म्हटलं की त्याच क्षणी खाली. वाऱ्यात टिकायला हेच लागतं. वजनाला ते शंभर ग्रॅमच्याही आत आहे, पण हातातला ताबा एकदम वेगळा. त्यात ६जी मोड आहे, स्टिक सोडली की स्वतः सरळ होतं, सुरुवात त्यातच करायची. आणि थ्रॉटल होल्डचा स्विच, तो मारला की मोटर बंद. काकांनी मला हेलिकॉप्टर न उडवता नुसता तो स्विच शंभर वेळा मारायला लावला. पडणार हे कळलं की वाचवायच्या भानगडीत न पडता आधी होल्ड. थांबलेला पंखा आपटला तर बऱ्याचदा काही होत नाही, फिरता आपटला की मेन गिअर, शाफ्ट, पाती सगळं जातं.

डिसेंबरचा दुसरा रविवार. वांगणीला माझ्या मावशीची भातशेती आहे, कापणी होऊन खाचरं मोकळी. नकाशावर जागा तपासूनच निघालो, दादरवरून पहाटेची कर्जत लोकल, मी, भाचा आणि काका. बॅटऱ्या काकांच्या सांगण्यावरून आगीला न जुमानणाऱ्या पिशवीत, वर स्टीलचा डबा. मावशी म्हणाली, "भात घरात आलाय, आता शेत तुमचंच, फक्त गुरं येतील तिकडं लक्ष ठेवा." समोर चंदेरीचा सुळका धुक्यात अर्धा, धसकटांवर दव इतकं की चप्पल भिजली. दव मशीनला चालत नाही, म्हणून प्लायचा दोन फुटी तुकडा नेलेला, तो बांधावर सपाट ठेवला. काकांनी एका काठीला लोकरीचा लाल धागा बांधून खोचला. धागा सरळ खाली लोंबत होता. थंडीत सकाळी वारा असा पडलेला असतो, ऊन चढलं की हळूहळू सुरू होतो, त्यामुळे जे करायचं ते सकाळीच.

वर घेतलं. हॉलमध्ये सतत भिंत मागे असायची, इथे काहीच नाही आणि त्यामुळे ते किती लांब आहे तेच कळेना. पंधरा-वीस मीटरवर आभाळासमोर तो नुसता काळा ठिपका, तोंड कुठलं शेपूट कुठली समजेना. मी होल्ड मारला. ते धसकटांत पडलं, भाचा धावत गेला, एक पातं किंचित चिरलेलं, बाकी ठीक. काकांनी पिशवीतून भडक नारिंगी टेप काढली आणि फक्त तोंडाच्या भागाला लावली, शेपटी काळीच राहू दिली. एवढ्याने दुसऱ्या खेपेला दिशा स्वच्छ दिसली. भाच्याला माझ्या बाजूला उभं केलं, त्याचं काम एकच, माणूस किंवा गुरं आली की ओरडायचं, आणि ते त्याने मनापासून केलं.

टायमर चार मिनिटांचा. बॅटरी एका सेलची, पूर्ण भरली की ४.२ व्होल्ट, आणि ३.३च्या खाली मी जाऊ देत नाही, फुगते. चार मिनिटांनी उतरवलं की हात लावून बघायचं, कोमट असली तर बरोबर, चटका बसला तर जास्त ताणलं.

तिसऱ्या बॅटरीला धागा हलायला लागला. काका म्हणाले, "तोंड वाऱ्याकडे ठेव, शेपूट वाऱ्याला देऊ नकोस, वारा ती फिरवून टाकेल. आणि सरळ खाली उतरवू नकोस, स्वतःच्याच वाऱ्यात बसेल, पुढे नेत नेत खाली आण." वारा माझ्या मागून येत होता, म्हणजे तोंड वाऱ्याकडे ठेवायचं तर तोंड माझ्याकडेच. ज्याला चार महिने रात्री वीस मिनिटं दिली तेच. एक झुळूक आली, ते उजवीकडे कललं, उजवीकडेच टेकू दिला, परत सरळ. परत झुळूक. नारिंगी तोंड माझ्याकडे बघत एका जागी हलत होतं, मी ते पुढे नेत नेत प्लायवर आणलं, खालच्या पायपट्ट्या टेकल्या, होल्ड.

नंतर काकांनी त्यांचं ४५० मापाचं मोठं हेलिकॉप्टर काढलं, ३२५ मिलिमीटरची कार्बनची पाती, टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो. त्यांनी आम्हा दोघांना बांधाच्या पलीकडे पाठवलं, जवळ येऊ दिलं नाही. त्याचा आवाज खाचरात घुमतो तो छातीत जाणवतो. भाचा म्हणाला, "मावशी, तू हे कधी घेणार?" मी अजून के११०वर दोन हिवाळे काढणार आहे, तेही ६जी बंद करून, हे त्याला सांगितलं. धागा तोवर आडवा झाला होता. पिशवी भरली, प्लाय मावशीच्या पडवीत ठेवला पुढच्या रविवारसाठी, आणि तांदळाची भाकरी खाऊन परतीची लोकल पकडली.