0.16 मिलिमीटरचे एक्क्याऐंशी हजार

आमची इंडिका आज विकायला काढली तर साठ हजार येतील, तेही गिऱ्हाईक चांगलं भेटलं तर. तिच्या इंजिनवर मी एक्क्याऐंशी हजार खर्च केले. ऑफिसात, नात्यात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सगळ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि मला समजावलं. आत्याने तर बाबांना वेगळा फोन केला. मला हे दोन आकडे शेजारी ठेवणंच पटत नाही. का, ते सविस्तर लिहिते, कारण पुण्यात अशा गाड्या अजून पुष्कळ आहेत आणि त्यांच्या मालकांपुढे हाच प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

गाडी 2008 ची, व्ही-टू, साधं डिझेल, टर्बो नाही. दोन लाख किलोमीटर कधीच उलटलेत. बाबांनी ही कोरी असताना घेतली, आता मी चालवते. भोसरीला कामावर जाणं आणि सुट्टीला भोरच्या पुढे गावी, हा तिचा दिनक्रम. गावाहून येताना तांदळाची पोती, नारळ, कधी आजीची खाट. असं सामान टपावर बांधून वरंध्याच्या बाजूच्या रस्त्यांनी जायला ही गाडी मला कोणत्याही नव्या गाडीपेक्षा आवडते.

मागच्या हिवाळ्यापासून सकाळी सुरू होताना कुरकुर वाढली. हीटर प्लग नवे टाकले तरी पहिला मिनिटभर पांढरा धूर आणि एक सिलिंडर मेल्यासारखा थडथडाट. चढावर निळसर धूर. हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल वर टाकावं लागायचं. ऑइलचं झाकण काढलं की आतून भपभप वाफ. याला मिस्त्री लोक ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. जळताना तयार झालेला वायू पिस्टनभोवतीच्या रिंगांना (पिस्टन आणि सिलिंडरमधली फट त्या बंद करतात) चुकवून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळच्या पोकळीत, उतरतो आणि तिथून वाट काढतो.

आमचे मिस्त्रीकाका म्हणाले, "ताई, अंदाजाने इंजिन उतरवायचं नाही. आधी प्रेशर बघू." हीटर प्लगच्या जागी गेज लावून एकेक सिलिंडर तपासला. तीन सिलिंडर 25-26 बारच्या (बार हे दाबाचं एकक) आसपास होते, तिसऱ्या नंबरचा जेमतेम 19. पेट्रोल गाडीत अशा वेळी सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा गेज लावतात. प्रेशर वाढलं तर रिंगा गेल्या, नाही वाढलं तर व्हॉल्व. डिझेलमध्ये ही युक्ती फसवी आहे, कारण पिस्टनवरची जागा इतकी कमी असते की ऑइलनेच ती भरते आणि आकडा उगाच चढतो. काकांनी ते केलं नाही, तेव्हाच माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

दुसऱ्या एका गॅरेजवाल्याने गाडीला हात न लावता सांगितलं होतं, "रिंगा बदलून देतो, पंचवीस हजारांत काम." तिसऱ्याने भंगारातून उतरवलेलं इंजिन पस्तीस हजारांत बसवून द्यायची तयारी दाखवली. दोन्ही आकडे मोहात पाडणारे होते. पण मी टूल रूममध्ये इन्स्पेक्शनला काम करते. मोजल्याशिवाय कुठलाही भाग पास करायचा नाही, हे माझं रोजचं काम. मग स्वतःच्या गाडीला वेगळा नियम का लावायचा?

इंजिन उतरलं, उघडलं, ब्लॉक, म्हणजे चारही सिलिंडर ज्यात असतात तो मुख्य ओतीव भाग, भोसरीच्याच एका बोअरिंगवाल्याकडे गेला. मी रजा टाकून तिथे उभी राहिले. या इंजिनचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, मुळात 75 मिलिमीटर, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, 79.5, चार सिलिंडर मिळून 1405 सीसी. बोअरिंगवाल्या दादांनी बोअर गेज आत सोडला. वर, मध्ये, खाली अशा तीन उंचीवर आणि प्रत्येक उंचीला आडवं-उभं, म्हणजे एका सिलिंडरची सहा मापं. अगदी तळाशी, जिथे रिंगा पोचतच नाहीत, तिथे 75.01. म्हणजे कारखान्यातून आला तसाच. वरच्या टोकाला, जिथे वरची रिंग थांबून उलटी फिरते आणि जिथे उष्णता व दाब सर्वांत जास्त, तिथे तिसऱ्या सिलिंडरमध्ये आडव्या दिशेला 75.16. उभ्या दिशेला त्याहून बरंच कमी. नुसता वर मोठा झालेला नाही, लंबगोलही झालेला. त्याच्या वरच्या कडेला नख फिरवलं तर न झिजलेल्या भागाचा ओठ हाताला लागत होता.

इंजिन ‘गेलं’ म्हणतात ते हे एवढंच. दोन लाख किलोमीटरनंतर वहीच्या दोन पानांच्या जाडीइतकी झीज. बाकी तो सगळा ओतीव लोखंडाचा ब्लॉक ठणठणीत आहे, कुठे तडा नाही, हेडखालचा पृष्ठभाग सरळ आहे. आता अशा बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकून काय होईल? गोल रिंग लंबगोल भोकात दोन बाजूंना टेकेल, दोन बाजूंना वायू सोडेल. वर तो ओठ तसाच राहिला तर नवी वरची रिंग त्याला थडकून तुटायची भीती वेगळीच. पंचवीस हजारांचं काम वर्षभरात परत उघडावं लागलं असतं. भंगारातल्या इंजिनचं तर मापच कोणी घेतलेलं नव्हतं.

झीज एका अंगाला असल्यामुळे 0.25 ओव्हरसाइझमध्ये, म्हणजे मूळ मापापेक्षा पाव मिलिमीटर मोठा कापून, बोअर पूर्ण साफ निघणार नव्हता, म्हणून 0.50 ठरलं. "आधी पिस्टन आणा, मग बोअर करू," दादा म्हणाले. नाना पेठेतून पिस्टन-रिंगांचा सेट आणला. त्यांनी चारही पिस्टन मायक्रोमीटरने मोजले, त्यांच्यावर खडूने नंबर टाकले आणि ज्याचा पिस्टन त्याच्या मापाने तो सिलिंडर कापला. मिलिमीटरचे शेवटचे काही शतांश होनिंगसाठी, म्हणजे दगडाने घासून माप पुरं करण्यासाठी, ठेवले. होनिंगचे दगड वर-खाली फिरत भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी पाडतात. त्या रेघांत ऑइल टिकतं आणि रिंगा त्यावर बसतात. भिंत आरशासारखी गुळगुळीत केली तर ऑइल धरायला जागाच राहत नाही.

नंतरचं काम मला सगळ्यांत जास्त आवडलं, आणि बऱ्याच ठिकाणी नेमकं तेच टाळतात. होनिंगनंतर भिंतीच्या रेघांत दगडाची बारीक भुकटी अडकलेली असते. रॉकेलने किंवा डिझेलने ती निघत नाही, नुसती पसरते. काकांनी ब्लॉक गरम पाण्याने, साबणाने आणि ब्रशने घासला. मग ऑइलमध्ये बुडवलेलं पांढरं फडकं बोअरमधून फिरवलं. करडं आलं. पुन्हा घासला, पुन्हा फडकं. फडकं पांढरं निघेपर्यंत हे चाललं. मग लगेच ऑइलचा हात, नाहीतर तासाभरात गंज धरतो. या कामाचे बिलात वेगळे पैसे नसतात, पण इंजिन पन्नास हजार किलोमीटर चालणार की दीड लाख, हे बरंचसं त्यावरच ठरतं.

क्रँकच्या बेअरिंगवरचा मऊ थर झिजून खालचं तांबं दिसायला लागलं होतं, म्हणून क्रँक ‘दहा साइझ’ला ग्राइंड झाला, म्हणजे पाव मिलिमीटर. रिंगा बसवण्याआधी प्रत्येक रिंग बोअरमध्ये सरळ ढकलून तिच्या तोंडाची फट फीलर गेजने पाहिली.

आता बिल. मशीन शॉपचे सगळे मिळून 16 हजार. बोअरिंग-होनिंग, क्रँक, हेडचे गाइड, सीट, व्हॉल्व आणि फेसिंग, कनेक्टिंग रॉडचे बुश. सुटे भाग 29 हजार. त्यात पिस्टन-रिंगा आणि बेअरिंग निम्म्याच्या आत, बाकी गॅस्केट, टायमिंग बेल्ट, ऑइल पंप, वॉटर पंप, होज आणि माउंटिंग. डिझेल पंपाचं कॅलिब्रेशन आणि नोझल 14 हजार. क्लच 5,500, इंजिन खाली आहे तर आत्ताच करून घ्यावा म्हणून. ऑइल, फिल्टर, कूलंट 3,500. मिस्त्रीकाकांची मजुरी 13 हजार. झाले 81.

मजुरीचा आकडा पाहून मला वाईट वाटलं. इंजिन उतरवणं, खोलणं, प्रत्येक नट धुणं, टॉर्क रेंचने टप्प्याटप्प्याने हेड आवळणं, पुन्हा चढवणं, आणि एवढ्या सगळ्याचे तेरा हजार. जवळजवळ तेवढेच क्लच, ऑइल आणि बेल्टमध्ये जातात. मी त्यांना दोन हजार वर दिले. ते घेत नव्हते.

हिशेब कशाशी लावायचा, तर गाडीच्या विक्रीच्या किमतीशी नाही, तिच्या जागी जे आणावं लागेल त्याच्याशी. माझ्या गरजेची बरी वापरलेली गाडी पाच लाखांच्या खाली मिळत नव्हती. पाच लाखांचं कर्ज, पाच वर्षं, 11 टक्के व्याज धरलं तर महिन्याचा हप्ता साधारण 10,900. एक्क्याऐंशी हजार म्हणजे असे साडेसात हप्तेसुद्धा नाहीत. आठव्या महिन्यापासून मी पुढे. शिवाय त्या पाच लाखांच्या गाडीचा बोअर कोणी मोजून दिला असता का?

पण हा हिशेब प्रत्येक जुन्या डिझेलला लागू नाही, हे ठासून सांगते. माझं इंजिन जुन्या पद्धतीचं आहे. यांत्रिक रोटरी पंप, साधे नोझल, आठ व्हॉल्व. त्याच्यानंतर आलेल्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल पुरवणाऱ्या) गाड्यांमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जातो आणि त्यांचे इंजेक्टर हे वेगळंच प्रकरण आहे. तिथे बोअर-पिस्टनचा खर्च परवडतो, पण चार इंजेक्टर, हाय प्रेशर पंप आणि टर्बो यांपैकी दोन गोष्टी जरी निघाल्या तरी बिल सहज दुप्पट होतं. अशी गाडी असेल तर इंजिन उघडण्याआधी इंजेक्टर बेंचवर तपासून घ्या. आणि कोणतीही गाडी असो, आधी ती लिफ्टवर चढवून खालचा पत्रा बघा. सस्पेन्शनचे जोड, साइड मेंबर, फ्लोअर. कोकणात राहिलेली गाडी असेल तर टोकदार स्क्रू ड्रायव्हर दाबून बघा. इंजिनला नवा बोअर मिळतो, सडलेल्या पत्र्याला नवं आयुष्य मिळत नाही. आमची गाडी देशावरच राहिली, खाली पत्रा कोरडा होता. तो सडलेला असता तर मी एक रुपया घातला नसता.

तिसरी गोष्ट कागदांची. खासगी गाडीचं आरसी पंधरा वर्षांचं असतं, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल 2022 पासून मोटारीचं हे शुल्क 600 वरून 5,000 झालं, ग्रीन टॅक्स वेगळा. मी 2023 ला नूतनीकरण करून घेतलं आणि मगच इंजिनला हात घातला. उलटं करू नका. दिल्लीकडे दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचं जे झालं ते ऐकून इथेही लोक घाबरून चांगल्या गाड्या विकून टाकतात. तो नियम राजधानी परिसराचा आहे. आपल्याकडे फिटनेस आणि पीयूसी नीट असेल तर गाडी चालते.

पीयूसीचं सांगायलाच हवं, कारण जुनं डिझेल ठेवायचं तर धुराची जबाबदारी आपली आहे. बीएस-फोरच्या (भारत स्टेज, म्हणजे सरकारी प्रदूषण मानकाचा चौथा टप्पा) आधीच्या डिझेलला धुराची मर्यादा 65 एचएसयू (धुराचा दाटपणा मोजायचं एकक). कामाआधी आमची गाडी साठीच्या पुढे जाऊन कशीबशी पास व्हायची. सिग्नलला मागे दुचाकीवर लहान मूल दिसलं की मला लाज वाटायची. आता आकडा चाळिशीच्या आत आहे. त्यात पंप आणि नोझलच्या चौदा हजारांचा वाटा मोठा आहे. पैसे कमी पडले म्हणून लोक नेमकं तेच काम गाळतात. ते गाळणार असाल तर इंजिन करूच नका.

हे सगळं एका रिक्षाच्या अंतरात होतं, हे पुण्याचं भाग्य. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 पासून, कोथरूडला कमिन्स 1962 पासून, आकुर्डीला पूर्वीची बजाज टेम्पो, आणि ही इंडिकाही पिंपरी-चिंचवडचीच, 1998 च्या डिसेंबरात बाजारात आलेली. एवढी डिझेल इंजिनं ज्या शहरात घडली तिथे शतांशात बोलणारे हात तयार होणारच. आमचे बोअरिंगवाले दादा एका इंजिन कारखान्यातून निवृत्त होऊन स्वतःच्या शेडमध्ये बसलेत. त्यांचा मुलगा सीएनसीवर आहे, त्याला या कामात रस नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये बीएस-सिक्स आलं आणि छोटी डिझेल मोटार परवडेनाशी झाली, तशी ती बाजारातून जवळजवळ उठली. अशा गाड्या कमी होतील तशा या शेडही बंद होतील. ज्यांना करायचं आहे त्यांनी पुढे ढकलू नये.

रनिंग-इनसाठी, म्हणजे नव्या भागांना एकमेकांत रुळवण्यासाठी, मिस्त्रीकाकांचा सल्ला होता की नुसती हळू चालवायची नाही, रिंगा बसायला मागून दाब लागतो. म्हणून दिवे घाटात मधल्या गिअरमध्ये मध्यम भार देत चढवली, उतारावर गिअरमध्येच ठेवून इंजिनवर सोडली, मध्ये थांबून कूलंट आणि ऑइल पाहिलं. पाचशे किलोमीटरला ऑइल बदललं. आता चारही सिलिंडर 29 बारच्या जवळ, आपसांत एका बारचाही फरक नाही. लिटरला चौदावर आलेली गाडी सतरा देते. डिपस्टिकवरची खूण दोन सर्व्हिसच्या मध्ये हलत नाही.

2028 ला पुन्हा आरसीचा प्रश्न येईल, आणि वीस वर्षांपुढच्या मोटारीचं शुल्क 2025 च्या ऑगस्टमध्ये 10,000 केलंय. तेव्हा ती पुन्हा लिफ्टवर चढेल आणि पत्रा बघूनच ठरवेन. तोवर यंदा पावसाआधी खालून कोटिंग करून घेणार आहे. तीन ठिकाणी विचारलंय, साडेतीन ते सहा हजार सांगतात. भोसरी-चिंचवडच्या बाजूला कोणी आधी नीट धुऊन, वाळवून मग मारणारा माहीत असेल तर कळवा.