चौदावा दिवस धरून बसू नका

"मूल हवंय, तर नेमका कोणता दिवस धरायचा? चौदावाच ना?" मैत्रिणी, मावसबहिणी, त्यांच्या ओळखीतल्या मुली मला हे सतत विचारतात, बहुतेकदा फोनवर आणि दबक्या आवाजात. मुलगी होण्याआधी मी पाळीची रोजची नोंद ठेवायचे हे त्यांना माहीत असतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

पाळी सुरू झाल्यापासून चौदाव्या दिवशी स्त्रीबीज सुटतं, ते २८ दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं. बाकीच्यांनी पुढून नाही, मागून मोजायचं. पाळी सुरू झाल्यापासून स्त्रीबीज बाहेर पडेपर्यंतचा काळ बाईगणिक वेगळा असतो आणि एकाच बाईचाही महिन्यागणिक मागेपुढे होतो. आजारपण, मोठा ताण, वजनातला चढउतार, यांनी तो लांबतो. बीज सुटल्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ मात्र बराचसा ठरलेला, साधारण १२ ते १४ दिवसांचा. डॉक्टर त्याला ल्युटिअल फेज म्हणतात. क्युसाकू ओगिनो या जपानी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९२४ मध्येच मांडलं होतं की बीज पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटतं. म्हणजे ३५ दिवसांनी पाळी येत असेल तर तो दिवस एकविसाव्याच्या आसपास पडतो. ती बिचारी बारा ते चौदा हे दिवस जपते आणि पुढचा आठवडा, जो खरा तिचा, तो हातचा जाऊ देते. असं ऐकलं की माझा जीव तुटतो.

बीज सुटल्यावर जेमतेम १२ ते २४ तास टिकतं. शुक्राणू मात्र चांगल्या स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. त्यामुळे महत्त्वाचे दिवस आधीचे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनामधल्या २२१ बायकांच्या रोजच्या लघवीच्या तपासणीवरून १९९५ मध्ये हेच दिसलं: गर्भ राहिला तो बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, एवढ्याच दिवसांतल्या संबंधांतून. दुसऱ्या दिवशीपासून काही उपयोग नाही.

हे दिवस आधी कसे ओळखायचे? सगळ्यात भरवशाची खूण फुकट आहे, आणि तिच्याबद्दलच बोलायला आपण लाजतो. अंगावरून पांढरं जातं, ते रोज सारखं नसतं. पाळीनंतर काही दिवस कोरडे जातात, मग चिकट, दह्यासारखं दिसतं. बीज सुटायच्या आधी ते पारदर्शक, बुळबुळीत होतं, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं. अंगठा आणि बोट यांत धरून ताणलं तर तुटत नाही, तार धरतं. तार दिसली की ते दिवस तुमचे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ओव्ह्युलेशन किटची, म्हणजे बीज सुटणं ओळखायच्या लघवीच्या चाचणीची, पट्टीही चालते. तिच्यावरची रेघ शेजारच्या रेघेइतकी गडद झाली की पुढच्या दीड दिवसात बीज सुटण्याची शक्यता असते. पीसीओडी असेल तर मात्र ती पट्टी फसवू शकते.

तापमान मी घ्यायचे ते वेगळ्या कारणासाठी. डोळे उघडले की अंथरुणातून उठायच्या आधी, दूधवाल्याची बेल वाजली तरी आधी थर्मामीटर जिभेखाली. दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा हवा, साध्या तापाच्या थर्मामीटरवर हा फरक नीट कळत नाही. आकडा कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात. ९७.२०, ९७.३०, ९७.१५ असं चाललेलं असतं आणि मग एका सकाळी ९७.८० येतं. सलग तीन दिवस वर राहिलं तर बीज सुटून गेलं. म्हणजे त्या महिन्यासाठी ही खबर उशिराच मिळते. पण वर गेल्याच्या पहिल्या दिवसापासून पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत चौकोन मोजले की तुमची ल्युटिअल फेज हातात येते, आणि ती एकदा कळली की पुढचे सगळे हिशेब सोपे होतात.

उदाहरणार्थ, रक्तातलं प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बीज सुटल्यावर वाढणारं संप्रेरक. चिठ्ठीवर सरसकट 'एकविसाव्या दिवशी' असं लिहून येतं. माझ्याही हातात असा कमी आकड्याचा रिपोर्ट पडला होता आणि 'अंडं फुटत नाही' असं सांगून मोकळे झाले होते. माझी पाळी लांब अंतराची. एकविसाव्याला बीज नुकतंच कुठे सुटलेलं असायचं. ही तपासणी पाळीच्या साधारण सात दिवस आधी करायची असते, ३५ दिवसांचं चक्र असेल तर अठ्ठाविसाव्याला. कॅलेंडरची पानं दाखवल्यावर दुसऱ्या डॉक्टरबाईंनी तारीख बदलून दिली. त्या वेळी आकडा ३ नॅनोग्रॅमच्या बराच वर होता, म्हणजे बीज सुटत होतं.

आता ज्या आकड्याने मुली रडवेल्या होतात, त्याबद्दल. दहा दिवस किंवा त्याहून कमी भरले तर ल्युटिअल फेज आखूड धरतात. एखाद्या महिन्यात ती आखूड येणं अगदी सर्वसाधारण आहे, चांगल्या धडधाकट बायकांतही होतं. निव्वळ त्यामुळे मूल राहत नाही असं सिद्ध झालेलं नाही. दर महिन्याला तसंच होत असेल तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं संप्रेरक) तपासून घ्या. जावेला दिल्या होत्या म्हणून प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका. त्यांनी पाळी पुढे जाते, मग उगाच आशा लागते आणि तक्त्यातला आकडाही खोटा होतो.

गर्भ रुजतो तो बहुतेकदा बीज सुटल्यावर आठ ते दहा दिवसांनी. त्यामुळे आठव्या दिवशी टेस्ट करून एक रेघ बघत बसू नका. पाळीची तारीख उलटू द्या.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच महिन्यात करून घ्या. एक साधा नमुना द्यायचा असतो. बाई सकाळ-संध्याकाळ तापमान, पट्ट्या, सोनोग्राफी करत राहते आणि त्याचं नावही कुणी काढत नाही, हे मला अजिबात पटत नाही. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जा. पाळी फारच अनियमित असेल तर तेवढंही थांबू नका. जाताना मागच्या तीन-चार महिन्यांची कॅलेंडरची पानं बरोबर न्या.