हॅमर बंद करून पाडलेलं भोक: आमची वाटचाल

लालबागच्या चाळींत आमचं काम सुरू झालं तेव्हा सामान मोजकंच: हॅमर ड्रिल (फिरता फिरता ठोकेही मारणारं), शिडी आणि गिट्ट्यांचा, म्हणजे स्क्रू धरायला भोकात ठोकायच्या खुंट्यांचा, डबा. भिंती भाजक्या विटांच्या. गिट्टी ठोकली, स्क्रू आवळला की फळी वर्षानुवर्षं हलायची नाही. पुढे चाळी पडल्या, टॉवर उभे राहिले. जुनी गिऱ्हाईकं नव्या घरांत गेली आणि आम्हीही तोच डबा घेऊन त्यांच्या मागोमाग.

अशाच एका घरात काकूंचं स्वयंपाकघरातलं कपाट टांगलं. तिसऱ्या आठवड्यात डाळींच्या डब्यांसकट ते ओट्यावर कोसळलं. काकू तेवढ्यात देवघरात गेल्या होत्या म्हणून वाचल्या. मी धावत गेलो. स्क्रू सरळ, गिट्ट्या धड. भोकात करंगळी घातली तर रव्यासारखा पांढरट भुगा सांडला. ‘‘अरे, भिंतच अशी भुसभुशीत कशी रे?’’ काकूंनी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही, ते फार लागलं.

उत्तर त्या नव्या भिंतींतल्या हलक्या ब्लॉकच्या घडणीत आहे. राख, सिमेंट, चुना यांच्या लगद्यात अ‍ॅल्युमिनियमची पूड पडली की हायड्रोजन सुटतो आणि लगदा इडलीच्या पिठासारखा फुगतो. मग तो दाबाच्या वाफेत शिजवतात. आमचे मिस्त्री त्याला सरसकट सिपोरेक्स म्हणतात. घनमीटरला साधारण 600 किलो, म्हणजे विटेच्या जेमतेम एक तृतीयांश. आतली हवा उन्हाची धग अडवते, पण हॅमर लावला की त्याच बुडबुड्यांचा चुरा होतो आणि भोक ऐसपैस होतं. लोखंडी फुगणारा बोल्ट जितका आवळाल तितका ब्लॉक चिरडतो.

तेव्हापासून हॅमर बंद, ड्रिल नुसतं फिरवायचं. 10 मिमीच्या गिट्टीला 9 मिमीचं बिट, भोकातली धूळ फुंकून काढायची, आणि गिट्टी लांब हवी. त्या लांबीत प्लास्टरची जाडी मी धरतच नाही. 25 लिटरच्या गिझरमध्ये पाणीच 25 किलो. तो शक्यतो आरसीसी, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटच्या, बीमवर, नाहीतर आरपार बोल्ट घालून मागे पट्टी. एका गिऱ्हाइकाला 4 इंची भिंतीवर मुलासाठी लोंबकळायचा बार हवा होता. मी नाही म्हटलं. गिऱ्हाईक तुटलं, पण पोराचा जीव टांगायला माझा हात धजला नाही.

काकूंचं कपाट पदरमोड करून पुन्हा लावलं. दुकानामागे सिपोरेक्सचे चार ब्लॉक ठेवलेत. नवा पोरगा आला की त्याने आधी हॅमर लावून एक भोक पाडायचं, मग हॅमर बंद करून दुसरं. दोन्हींत गिट्टी-स्क्रू बसवायचे आणि पकडीने ओढून बघायचं. पहिला हातात येतो. दुसऱ्याला ओढताना अख्खा ब्लॉक उचलला जातो.